मजकूर आहे, पत्ता हरवला : मराठी संकेतस्थळांच्या स्थलांतरांचा इतिहास

संगमनेरात व्याख्यान म्हटलं की अनंत फंदींचं नाव आधी घ्यावं लागतं. १७४४ ते १८१९ हा त्यांचा काळ. त्यांची सगळी रचना आपल्यापर्यंत आली नाही, पण जी आली ती लोकांच्या तोंडून आणि बाडांमधून आली. त्यासाठी कुणाला दरवर्षी पैसे भरावे लागले नाहीत. आजच्या विषयाकडे जाताना हा फरक लक्षात असू द्या.

विषय साधा आहे. वर्तमानपत्रांची आणि सार्वजनिक संस्थांची मराठी संकेतस्थळं कशी उभी राहिली, एका घरातून दुसऱ्या घरात कशी गेली आणि त्या हलवाहलवीत काय सांडलं. याला कुणी इतिहास म्हणत नाही, तांत्रिक बाब म्हणतात. पण पुढच्या पिढीला आपल्या गावाचा इतिहास लिहायचा असेल, तर तिची साधनं याच तांत्रिक बाबींमध्ये अडकलेली आहेत.

थोडं मागे जाऊ. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली आपल्याच जिल्ह्यात, अहमदनगरला सुरू झालं. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवला, तोही नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. खेड्यात छापखाना, हाताशी पैसा नाही, वाचणारे थोडे. तरीही सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करणारा माणूस आज त्या अंकांपर्यंत पोचू शकतो. आता समजा, २००२ साली एका दैनिकाच्या संकेतस्थळावर संगमनेरच्या पाणीटंचाईची बातमी आली होती. ती आज शोधून बघा. शंभर वर्षांपूर्वीचा कागद सापडतो आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीची बातमी सापडत नाही, हे उलटंच झालं की नाही? असं का झालं, ते तीन स्थलांतरांमधून पाहू.

पहिलं स्थलांतर : कागदावरून पडद्यावर

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. पुढच्या चार-पाच वर्षांत मराठी दैनिकं वेबवर यायला लागली. तोवर वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत संगणकावर जुळणी रुळली होती. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणाली होत्या, आकृती होती, आणखी बऱ्याच होत्या. छपाईचं काम उत्तम चाललं होतं.

अडचण अशी की हे फॉन्ट छपाईसाठी बनलेले होते, साठवणुकीसाठी नव्हते. त्या फॉन्टमध्ये एकूण २५६ खणच असत. इंग्रजी अक्षरांच्या खणांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते. एका खणात अर्धा प, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची नुसती रांग होती. वर विशिष्ट फॉन्ट चढवला तरच डोळ्यांना मराठी दिसायचं. शिवाय प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या क्रमाने मांडलेले. एकीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की वाचताच येत नसे.

याला दुसरी वाट नव्हती असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, जिस्ट कार्ड निघालं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सामाईक संहिता ठरली, १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी याच इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आहे. म्हणजे वेब आपल्याकडे येण्याआधीच प्रमाण तयार होतं. पण रोज रात्री अंक छापायला सोडायचा आहे, जुळणी करणाऱ्यांचा हात एका कळफलकावर बसलाय, अशा वेळी कुठली कचेरी सगळं बदलायला घेईल? तिने जे चालतंय तेच वेबवर चढवलं.

वाचकाकडे फॉन्ट नसायचा. मग आधी ‘फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना आली, नंतर ‘डायनॅमिक फॉन्ट’ आले. पानाबरोबर फॉन्टही आपोआप यायचा. १९९७ च्या सुमारास नेटस्केपने एक पद्धत आणली, मायक्रोसॉफ्टने दुसरी. एका कंपनीची फाइल दुसरीच्या ब्राउझरला कळत नसे, म्हणून कचेऱ्या दोन्ही ठेवायच्या. नंतर नेटस्केपच्या नव्या आवृत्तीने जुनी पद्धत सोडली, मायक्रोसॉफ्टची पद्धत इतरांनी स्वीकारली नाही. ती पानं आजच्या ब्राउझरमध्ये उघडली तर रोमन अक्षरांचा गिचमीड ढीग दिसतो. पान जिवंत आहे, पण वाचता येत नाही. शोधयंत्रांना तर ते कधीच वाचता आलं नव्हतं.

दुसरं स्थलांतर : फॉन्टमधून युनिकोडमध्ये

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड नेहमीच्या संगणकावर आलं. त्यासोबतचा ‘मंगल’ फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी रेखाटलेला. सुरुवातीला मराठी चालू करायला सेटिंगमध्ये जावं लागे, मूळ सीडी घालावी लागे, त्यामुळे वेळ लागला. तरी २००५ नंतर एकेक दैनिक युनिकोडवर यायला लागलं. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडवरच वाढला.

नवा मजकूर युनिकोडमध्ये लिहिणं सोपं. प्रश्न जुन्या मजकुराचा. त्याचं रूपांतर म्हणजे काय करायचं? ‘निर्णय’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये शब्द दिसतो तसा साठवलेला असतो. आधी ह्रस्व वेलांटी, मग न, मग ण, मग रफार, मग य. युनिकोडमध्ये शब्द उच्चारतो त्या क्रमाने साठवायचा असतो. आधी न, मग वेलांटी, मग र आणि हलंत, मग ण, मग य. म्हणजे वेलांटी एक घर मागे न्यायची आणि रफार एक घर पुढे आणायचा. हे न करता नुसती खणाला खण अशी अदलाबदल केली की ‘निर्णय’चा ‘िनणर्य’ होतो. शासकीय पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की हा ‘िनणर्य’ तुम्ही पाहिला असेल. दिसायला गंमत वाटते. पण ज्या दस्तऐवजात ‘निर्णय’ हा शब्द ‘निर्णय’ म्हणून साठवलेलाच नाही, तो ‘शासन निर्णय’ असं शोधून सापडणार कसा?

मराठीची स्वतःची दुखणी आणखी वेगळी. रूपांतराची बहुतेक साधनं हिंदी समोर ठेवून बनलेली होती. हिंदीला ‘ऱ्या’ची गरज नाही, आपल्याला आहे. सह्याद्रीच्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना, हे भेद त्या एका खुणेवर उभे आहेत. साधनाला ती खूण माहीत नसली की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. मराठी बातम्यांमध्ये वर्षानुवर्षं हे ‘दुसर्या’ दिसत राहिलं, ते सगळं लिहिणाऱ्यांच्या अज्ञानामुळे नव्हे. पुष्कळ ठिकाणी ती रूपांतराची खूण आहे.

तसंच ‘ॲ’चं. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवत. म्हणून २००६ मधलं वकिलाच्या नावाआधीचं ‘ॲड.’ आणि आजचं ‘ॲड.’ डोळ्यांना सारखं दिसलं तरी संगणकासाठी दोन वेगळे शब्द ठरू शकतात. एका वकिलाची नगरपालिकेतली वीस वर्षांची कारकीर्द शोधायची तर दोन्ही प्रकारे शोधावं लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुठला मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये होता, ही माहिती पानातल्या एका छोट्या खुणेत असायची. नव्या प्रणालीत मजकूर भरताना ‘फालतू खुणा’ म्हणून त्या पुसल्या की मजकूर उरतो आणि किल्ली जाते. दैनिकाने मधल्या काळात फॉन्ट बदलला असेल, तर कुठल्या तारखेपर्यंत कोणता फॉन्ट होता, हे सांगणारा माणूसच शोधावा लागतो. तो निवृत्त झालेला असतो.

असाच एक अपघात डेटाबेसमध्ये होतो. जुना डेटाबेस पाश्चात्त्य अक्षरसंचावर लावलेला, त्यात युनिकोड मराठी ढकलली. कधी चित्रविचित्र चिन्हांची खिचडी दिसते, कधी नुसती प्रश्नचिन्हांची रांग. खिचडी झाली असेल तर आशा आहे, मूळ बाइट शाबूत असतात आणि जाणकार माणूस बहुतेक वेळा मराठी परत काढतो. प्रश्नचिन्हं झाली असतील तर मूळ अक्षर पुसलं गेलं. तिथे जुनी प्रत असेल तरच मार्ग.

तिसरं स्थलांतर : एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर

आता धरून चला की अक्षरं सुखरूप पोचली. तरी बातमी हरवू शकते, कारण तिचा पत्ता बदलतो.

सुरुवातीला दैनिकांची पानं हाताने बनवलेली असत. पत्त्यात वर्ष, महिना, दिवस ओळीने लिहिलेले आणि शेवटी पानाचं नाव. भाबडी पण उत्तम व्यवस्था होती. पत्ता वाचला की अंक कळायचा. मग मजकूर सांभाळणाऱ्या प्रणाली आल्या आणि पत्ते आकड्यांचे झाले. प्रणाली बदलली, आकडे बदलले. मग शोधयंत्रांसाठी पत्त्यात इंग्रजी शब्द आले. दर वेळी जुना पत्ता नव्याकडे वळवणं, म्हणजे टपाल खात्याला नवा पत्ता कळवून ठेवण्यासारखं काम, करता येत होतं. त्यासाठी जुन्या-नव्या पत्त्यांची यादी लागते. ती करायला वेळ लागतो आणि नव्या संकेतस्थळाच्या उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असते.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८ सालीच लिहून ठेवलं की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं बदलतात. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजणी करून सांगितलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तेव्हा ही केवळ मराठीची कहाणी नाही. पण इंग्रजीला फॉन्टची दोन स्थलांतरं करावी लागली नव्हती. आपण तीन नद्या ओलांडल्या, त्यांनी एक.

सरकारी कचेरीत काय झालं

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ चं. जिल्ह्याजिल्ह्यात त्याची केंद्रं झाली आणि जिल्ह्यांची पहिली संकेतस्थळं बहुतेक तिथेच घडली. मग २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. त्यातल्या कलम ४ मधल्या १७ बाबींची माहिती स्वतःहून जाहीर करायची, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच कलमाचा पहिला भाग मात्र कमी वाचला जातो. अभिलेख नीट सूचीबद्ध करून ठेवावेत आणि संगणकावर आणून जाळ्याने जोडावेत, असं तो सांगतो. म्हणजे नगरपालिकेचे जुने ठराव शोधता येणं ही मेहेरबानी नाही, कायद्याने सांगितलेलं काम आहे.

२००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली, नंतर सुधारली, तिसरी आवृत्ती २०२३ ची. जुना मजकूर काढताना त्याचं काय करायचं, याचं लेखी धोरण असावं असंही त्यांत आहे. जिल्ह्यांची संकेतस्थळं आता एनआयसीच्या एका समान साच्यावर आली आहेत. त्यामुळे सुरक्षितता वाढली आणि दृष्टिहीन नागरिकांनाही वापरता येतील अशी सोय झाली. हे मोठं काम आहे.

महाराष्ट्र शासनाने केलेली एक गोष्ट मात्र मला फार शहाणपणाची वाटते. शासन निर्णयाच्या शेवटी एक संकेतांक छापलेला असतो. लांबलचक आकडा, सुरुवातीला तारीख. संकेतस्थळ बदलो, पत्ता बदलो, तो आकडा निर्णयाच्या अंगावरच लिहिलेला आहे. छापलेल्या कागदावरसुद्धा आहे. आकडा हाताशी असला की निर्णय शोधता येतो. अशी ओळख प्रत्येक नगरपालिकेच्या ठरावाला आणि प्रत्येक बातमीला का असू नये?

नुकत्याच दोन घडामोडी झाल्या. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. नाव बदललं की संकेतस्थळाच्या पत्त्यातलं नाव, पानांवरची नावं, याद्या सगळं हळूहळू बदलतं. पण १८८४ चं गॅझेटिअर अहमदनगरचंच राहणार, १९९८ ची बातमीही. नव्या नावाने शोधणाऱ्याला जुनं सापडावं आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नवा मिळावा, ही सोय मुद्दाम करावी लागेल. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवच्या बाबतीतही तेच.

दुसरी घडामोड म्हणजे २०२५ चा शासनाचा शंभर दिवसांचा कार्यक्रम. कार्यालयांच्या मूल्यमापनाच्या मुद्द्यांत संकेतस्थळाचाही मुद्दा होता. कचेऱ्यांना संकेतस्थळं सुधारायला निमित्त मिळालं, हे चांगलंच. पण मी इतिहासाच्या बाजूने बोलतोय. नवं संकेतस्थळ उभं राहण्याचा दिवस हाच जुन्या मजकुरासाठी सगळ्यात धोक्याचा दिवस असतो. नवं चकाचक दिसतं, गुण मिळतात. जुन्यातले दहा वर्षांचे इतिवृत्तांत, निविदा, विकास आराखड्याचे नकाशे आले की नाही, हे मोजायला कुणी बसत नाही.

कायद्यातली फट

कागद का टिकला, याचं अर्धं उत्तर कायद्यात आहे. १८६७ पासून छापील मजकुराची नोंद व्हायला लागली. १९५४ च्या कायद्याने पुस्तकांच्या आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना देणं प्रकाशकावर बंधनकारक झालं. सगळे देतात असं नाही, पण निदान व्यवस्था आहे. संगमनेरच्या छापील साप्ताहिकाला त्या कायद्यात जागा आहे. त्याच साप्ताहिकाच्या संकेतस्थळाला नाही. अमेरिकेतली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरची वेबपानं साठवते, २००१ पासून ती सगळ्यांना पाहता येतात. आपलं बरंच जुनं मराठी तिथेच शिल्लक आहे. पण तिथेही सगळं नाही. जुन्या डायनॅमिक फॉन्टचं पान साठवलं गेलं तरी आजचा ब्राउझर तो फॉन्ट वाचत नाही, म्हणून समोर पुन्हा गिचमीडच. आणि आपल्या तालुक्याचं दप्तर परक्या देशातल्या एका दानशूर संस्थेच्या भरवशावर सोडून द्यावं का?

पाट आणि पाटकरी

हे सगळं आपल्या भागातल्या माणसाला एका उदाहरणाने चटकन कळेल. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. ते पाणी प्रवरेतून आपल्या तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यावर येतं आणि तिथून डावा-उजवा कालवा निघतो. धरण एकदाच बांधलं. पण कालवे चालले ते दरवर्षी गाळ काढला म्हणून, भराव दुरुस्त केले म्हणून, आवर्तन सुटलं की पाटकरी चारीवरून फिरला म्हणून. ज्या वर्षी गाळ काढला नाही, त्या वर्षी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलं नाही. धरणात पाणी नव्हतं असं नाही.

संकेतस्थळाचं अगदी असंच आहे. आपल्या संस्थांच्या अंदाजपत्रकात ‘संकेतस्थळ तयार करणे’ असं शीर्ष असतं, निविदा निघते, उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. ‘देखभाल’ या शीर्षाखाली बहुधा काहीच नसतं. डोमेनचं भाडं भरायचं राहतं. ते बऱ्याचदा संस्थेच्या नावावर नसून बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर असतं. तो मुलगा नोकरीला पुण्याला गेलेला असतो. मग ते नाव दुसराच कुणी घेतो आणि गावच्या वृत्तपत्राच्या जुन्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकतात. यात कुणी खलनायक नाही. पाटकरी नेमलाच नव्हता, एवढंच.

मग करायचं काय

तांत्रिक भाग बाजूला ठेवून सहा गोष्टी सांगतो. यांना मोठा खर्च नाही.

एक, डोमेन संस्थेच्या किंवा वृत्तपत्राच्या नावावर हवं आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख कार्यालयातल्या वहीत लिहिलेली हवी. दोन, संकेतस्थळ बनवणाऱ्याशी करार करतानाच लिहून घ्या की काम संपताना किंवा सोडताना सगळा मजकूर खुल्या स्वरूपात परत मिळेल. तीन, नवं संकेतस्थळ सुरू करण्याआधी जुन्याच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाला नवा पत्ता जोडा. ज्याला नवा पत्ता नाही त्याची वेगळी यादी करा, म्हणजे काय सोडलं हे निदान माहीत राहील. चार, रूपांतर तपासायला इंग्रजी जाणणारा अभियंता पुरेसा नाही, मराठी वाचणारा माणूस बसवा. ‘निर्णय’, ‘दुसऱ्या’, ‘ॲड.’, ‘वाङ्मय’ हे चार शब्द जुन्या शंभर पानांत तपासले तरी दोष उघडे पडतात. पाच, ठराव आणि इतिवृत्तांत संगणकावर लिहिलेले असतील तर त्याच फाइलमधून पीडीएफ करा. छापून, सही करून, परत फोटो काढून चढवलेलं पान शोधता येत नाही. सहीची प्रत हवी तर दोन्ही ठेवा. सहा, वर्षातून एकदा सगळ्या मजकुराची एक प्रत गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला द्या. हार्ड डिस्कवर द्या, पावती घ्या आणि दर काही वर्षांनी ती नव्या डिस्कवर उतरवा.

हे होऊ शकतं याला आधार आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली छापला गेला, विसावा २०१५ साली. ते खंड आज वेबवर युनिकोडमध्ये फुकट वाचता येतात, त्यांतला शब्द शोधता येतो. साधनं आपल्याकडे आहेत, माणसंही आहेत. जिथे कुणीतरी हे आपलं काम मानलं तिथे ते झालं.

संगमनेरसारख्या गावाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास, म्हणजे पाणी, ऊस, दूध, महाविद्यालयं, बाह्यवळण रस्ता, निवडणुका, करोनाची दोन वर्षं, हा पुष्कळसा पडद्यावर लिहिला गेलाय. तो लिहिणारे पत्रकार आज या गावात आहेत, ते फॉन्ट वापरलेले जुळारी आहेत, त्या काळच्या सीडी कुणाकुणाच्या कपाटात आहेत. ही माणसं हयात आहेत तोवर कुठल्या वर्षी कुठला फॉन्ट होता, हे विचारता येईल. म्हणून विनंती एवढीच. ज्यांच्याकडे अशा सीडी, जुने संगणक, अंकांच्या फाइली असतील, त्यांनी त्या रद्दीत टाकण्याआधी ग्रंथालयात जाऊन विचारावं. आणि पालिकेच्या नव्या संकेतस्थळाचा विषय सभेत येईल तेव्हा एखाद्या सदस्याने उठून विचारावं, की जुन्याचं काय करणार आहात आणि पुढच्या वर्षीच्या देखभालीची तरतूद किती आहे? उत्तर इतिवृत्तांतात लिहून घ्या.